बायकोच्या वेणीवर माझी डॉक्टरकी

केळीचा घड नुसत्या नजरेनं पाहून तो दिल्लीला पोचेपर्यंत पिवळा होईल की काळा, हे सांगणारा अख्ख्या सावद्यात माझ्यासारखा दुसरा माणूस नाही. मागच्या साली मी "बिनधास्त भरा" म्हणलेली गाडी सगळी काळी निघाली, तेव्हापासून मला कोणी विचारत नाही, ते सोडा.

मी केळीच्या पॅकिंगवर असतो. बागेतून घड आला की त्याच्या फण्या कापायच्या, टाकीत धुवायच्या, पुसायच्या, डब्यात भरायच्या. तीस वर्षं हेच. शाळा मी तिसरीत सोडली. म्हणजे मी नाही सोडली. मास्तर घरी आले आणि बापाला म्हणाले, "आबा, हा वर्गात बसला की याच्या आजूबाजूचे पण शिकत नाहीत." बापाला वाटलं, पोरगं काहीतरी मोठं करून राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी बागेत.

माझ्या घरात चार माणसांत मिरवावी अशी एकच गोष्ट होती आणि ती माझी नव्हती. बायकोची वेणी. कमरेच्या खाली यायची. जाड इतकी की तिला रबर लावलं तर दुसऱ्या दिवशी रबर सापडायचं, तुटलेलं. रविवारी शिकेकाईनं न्हाऊन ती गच्चीवर केस वाळवायला बसली की मी खालून ओरडायचो, "सरक जरा, शेजारच्या पापडांवर सावली पडून राहिली!" ती वरून काहीतरी फेकायची. बहुतेक वेळा चप्पल.

बायको धुळ्याची. तिची माय, जिला सगळे अक्का म्हणतात, तिनं ही वेणी लग्नापर्यंत रोज तेल लावून वाढवलेली. अक्कानं मला पोरगी दिली तेव्हा आधी वेणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वेणीकडे. तिला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारता पण कळतात.

तर बायकोच्या एकुलत्या एक भावाच्या एकुलत्या एक पोराचं लग्न ठरलं. दोन महिने हातात. तिच्या माहेरी रीत अशी, की नवरदेवाला पहिली हळद आत्या लावते. आत्यानं बोट लावल्याशिवाय बाकीच्यांनी ताटाकडे पाहायचं पण नाही. आणि त्या पोराला आत्या एकच. बायकोनं त्या दिवसापासून लुगड्याचा रंग ठरवायला घेतला. मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

मी म्हणलं, "तुझे केस सरळ करून टाकू."

ती म्हणाली, "वाकडे कुठं आहेत?"

"वाकडे नाही, पण खाली जरा वळतात. आजकाल बायकांचे कसे पाण्यासारखे असतात. त्या दिवशी जळगावच्या लग्नात पाहिलं ना? फोटोत काय दिसत होत्या!"

फोटोचं नाव काढलं आणि ती विचारात पडली. मग म्हणाली, "पार्लरमध्ये जाऊ मग."

"पार्लर कायले?" मी म्हणलं. "मी आणतो केस सरळ करायच्या क्रीमची पेटी, घरीच करू. तीस वर्षं नाजूक माल हाताळला मी. एका केळ्यावर नख उमटलं नाही माझ्या हातून."

घरात आम्ही दोघंच. पोरगी लग्न होऊन सुरतेला. ती असती तर माझ्या हातातून पेटी हिसकून घेतली असती. पण तिला सांगायचंच नाही, धुळ्यात एकदम आईला पाहून थक्क झाली पाहिजे, असं मीच ठरवलं होतं.

पेटीवर एक बाई होती. तिचे केस असे खाली सोडलेले की जणू कोणी वरून बादली ओतली. आत दोन ट्यूबा, एक कंगवा, हातमोजे आणि बारीक अक्षरांचा कागद. कागद इंग्रजी. मी तो पाटाखाली घातला, पाट हलत होता. एका चित्रात घड्याळ होतं आणि वीस आकडा. वीस म्हणजे वीस मिनिटं, एवढं मला कळतं. पण केळी पिकवायच्या खोलीत गॅस सोडला की एक दिवस दार उघडायचं नाही, हे पण मला कळतं. मी म्हणलं, वीस मिनिटांत काय पिकणार? पाऊण तास ठेवलं. दुसरी ट्यूब पहिलीसारखीच दिसत होती. कंपनीनं एकावर एक फुकट दिली असेल म्हणून ती कपाटात जपून ठेवली, पोरीच्या उपयोगी पडेल.

ती दुसरी ट्यूब पहिलीचा जोर मारायला होती, हे मला पुढं कळलं.

धुतल्यावर केस सरळ झाले, खोटं नाही बोलणार. एक दिवस. दुसऱ्या दिवशी बायकोनं कंगवा घातला, तर कंगवा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर मूठभर केस पण आले. केळीच्या खोडाचं सोपट वाळून पडतं ना, तसे कोरडे. मधेच तुटलेले. काहींची टोकं दोन, काहींची तीन. हातात घेतले तर करकर आवाज.

माझी बायको एरवी आमच्यासारखंच बोलते. पण रागावली की ती माहेरच्या अहिराणीत शिरते. वाक्यात 'आहे'च्या जागी 'शे' आला की मी चपला शोधतो.

ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "हाई काय शे?"

मी म्हणलं, "सुरुवातीले असंच असतं."

"काय करी टाकं तुमी? मनी अक्काले काय तोंड दाखाडू? मी काई येत नही धुयाले."

मला वाटलं, धुळ्याला येत नाही म्हणते ती रागात, उतरेल. पण तिनं ट्रंकेतून काढलेलं हिरवं लुगडं घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं. शांतपणे. कडी पण लावली. तेव्हा कळलं, ही खरंच जाणार नाही. भावाच्या पोराची हळद आत्याविना, आणि का, तर जावयानं तिच्या डोक्यावर पेटी फोडली. धुळ्यात हे कळलं तर मला पुढचा जन्म पण तिकडे तोंड न दाखवता काढावा लागला असता. पण खरं सांगू, मला माझी एवढी काळजी नव्हती. ती ज्या शांततेनं कडी लावत होती, ती मला बघवत नव्हती.

मी म्हणलं, "मी दुरुस्त करतो."

ती म्हणाली, "कापायचं नाव काढायचं नाही."

"एक केस कापावा लागणार नाही. शब्द देतो."

बागेत करपा आला तर आम्ही काय करतो? रोगट पान तोडतो, पिशवीत घालतो आणि औषधाच्या दुकानात नेतो. दुकानदार पान पाहून बाटली देतो. मी पण तेच केलं. बायकोच्या कंगव्यातले केस प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, तोंडाला गाठ मारली आणि जळगावची बस पकडली. केसांच्या सामानाचं मोठं दुकान मेहरूणच्या रस्त्याला होतं. आत थंड हवा, भिंतीला नुसत्या बाटल्या. काउंटरवर एक बाई होती, माझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी. मी तिच्यासमोर पिशवी ठेवली आणि गाठ सोडली.

ती दोन पावलं मागं सरली. "काका, हे काय आहे?"

"सॅम्पल."

"कोणाचं?"

"घरच्यांचं. बघा ना, कोणता रोग आहे."

तिनं एक केस चिमटीत धरून ताणला. तो लगेच तुटला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "सरळ करायचं क्रीम लावलं होतं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. पाऊण तास म्हणालो तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसरी ट्यूब कपाटात आहे म्हणालो तेव्हा उघडले.

मग तिनं सामान काढलं. एक सौम्य शांपू. एक केराटिनचा मास्क, म्हणजे डब्यातलं लोण्यासारखं. एक कंडिशनर आणि एक छोटी बाटली सिरमची, ती ओल्या केसांना लावून तशीच सोडायची. मी विचारलं, "फवारायचं का ठिबकनं सोडायचं?" ती हसली नाही. गिऱ्हाईक सांभाळणारी माणसं माझ्या जोकला हसत नाहीत, त्यांना कमी वेळ असतो.

"काका, नीट ऐका. मास्क मुळाला लावायचा नाही. कानाच्या खाली, टोकांपर्यंत. वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं. आठवड्यातून दोनदा."

"आणि किती दिवसांत पहिल्यासारखे?"

"पहिल्यासारखे नाही होणार. केस मेलेला असतो काका, तो जुळत नाही. याच्यानं तो मऊ होतो, गुंता कमी होतो, तुटणं कमी होतं. पण खालचे जळलेले आहेत, ते कापा. आजच कापा. नाहीतर चीर वर चढत जाते."

मी मान हलवली. सामान घेऊन मेहरूण तलावाच्या काठावर जाऊन बसलो. भेळ घेतली. तलावाकडे पाहत सगळं पाठ केलं. कानाच्या खाली, वीस मिनिटं, साधं पाणी, दोनदा. चार गोष्टी पाठ झाल्या. पाचवी मी पाठ केली नाही. मी शब्द दिला होता.

घरी आलो तर बायको म्हणाली, "आधी तुमच्या डोक्यावर."

"माझे कुठं खराब आहेत?"

"तुमचे आहेतच किती? लावा."

बरोबर होतं तिचं. नवीन औषध आधी बांधावरच्या एका झाडावर मारून पाहायचं असतं. मी बांधावरचं झाड झालो. मास्क लावला. डोकं झाकायला टोपी पाहिजे असं दुकानवाली म्हणाली होती, ती काही घेतली नव्हती. मग घडाला धूळ-ऊन लागू नये म्हणून वरून घालतात ती लांब निळी पिशवी डोक्यात घातली, कानाशी सुतळी बांधली आणि ओट्यावर बसलो. शेजारीण दाराशी आली, मला पाहिलं आणि काही न मागता परत गेली. नंतर कळलं, विरजण मागायला आली होती.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगवर गेलो. मुकादम माझ्याजवळून गेला, थांबला, परत आला आणि वास घेतला.

"काय भाऊ, घर बदललं काय?"

"कायले?"

"नाही, वास दुसऱ्याच बाईचा येऊन राहिला."

टाकीवरच्या सगळ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "भाऊच्या डोक्यावर माशी बसली होती, ती घसरली. मी पाहिलं." दुसरी म्हणाली, "मेली का?" पहिली म्हणाली, "नाही, परत चढून राहिली. मजा वाटली असेल तिले." दिवसभर कोणी ना कोणी येऊन माझ्या डोक्याला हात लावून जायचं. पण संध्याकाळी बायकोनं पण लावला. दोन बोटं. म्हणाली, "गुळगुळीत तर झालेत." आणि पाट घेऊन माझ्यासमोर बसली, पाठ करून.

त्या बसण्याचं मला फार वाटलं. एकदा डोकं जाळलेल्या माणसाच्या हातात परत डोकं द्यायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

पहिल्या दोन वेळा मी दुकानवालीचं ऐकलं. तिसऱ्यापासून थोडं, चौथ्यापासून अजून थोडं स्वतःचं. पण केस सुधारले. करकर गेली, कंगवा सरकायला लागला. टोकं मात्र फाटत होती, वर वर चढत होती. मला ते दिसत होतं. बायको विचारायची, "खाली कसे आहेत?" मी म्हणायचो, "झकास." वेणी आता ती सैल घालायची, तरी खाली तिचा शेंडा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसायचा. त्या दिवसापासून ती वेणी पुढं घेऊन पाहायला धजत नव्हती, आणि घरात दुसरा आरसा आणायचा विषय मी टाळत होतो.

हळदीला पाच दिवस राहिले. हिरवं लुगडं ट्रंकेतून बाहेर आलं, खुंटीवर लटकलं. मला वाटलं, शेवटचा एक हात जोरदार मारू. मी मनात म्हणलं, कानाच्या खाली लावा म्हणे. तीस वर्षं झाली, खत शेंड्याला घालताना कोणाला पाहिलंय का? खत मुळाला. मुळाला घातलं तर वर आपोआप जातं. उरलेला सगळा डबा मी बायकोच्या मुळांना चोळला. चांगला जिरवला.

धुतलं तर जाईना. परत धुतलं. डोकं तुपात बुडवून काढल्यासारखं. केस टाळूला चिकटलेले, थापलेले. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणलं, "काही नाही, थांब, डोळे मिट."

आता चिकट जायला काय लागतं, हे मला विचारा. केळीची फणी कापली की दांड्यातून चीक येतो. फळाला लागला की काळे डाग पडतात, हाताला लागला की साबणानं जात नाही. म्हणून आमच्या टाकीत तुरटी असते. फणी तुरटीच्या पाण्यात बुडवली की चीक साफ. रोज हजारो फण्या मी अशा काढतो, चकाचक. तुरटी घरात होतीच. बादलीत फिरवली, चांगली फिरवली, आणि दोन तांबे बायकोच्या डोक्यावर ओतले.

चिकट गेलं. तूप पण गेलं. मऊपणा पण गेला. सहा आठवड्यांची सगळी कमाई त्या मोरीच्या भोकातून खाली गेली. केस वाळले ते असे, की दाराला बांधले असते तर पायपुसणं म्हणून चालले असते. बायकोनं हात लावला, हात काढून घेतला. आरशाकडे गेलीच नाही. मला वाटलं, आता 'शे' येईल. तो पण आला नाही. ती खुंटीपाशी गेली आणि लुगडं काढून घडी घालायला लागली. घडी नीट बसेना तर तशीच हातात धरून खाली बसली.

म्हणाली, "भाऊ फोन करतो रोज. आत्या कधी येणार म्हणून तो पोरगा विचारतो. त्याले काय सांगू?"

तिचे डोळे भरले होते. मी जोक शोधत होतो. सापडला नाही.

सकाळी पहिल्या बसनं जळगावला गेलो. दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. दुकानवाली आली, मला पाहिलं आणि कुलूप उघडता उघडताच म्हणाली, "काका, आता काय केलं?"

मी मुळाचं सांगितलं. तुरटीचं सांगितलं.

"तुरटी?" ती म्हणाली. "काका, तुरटी दाढी झाल्यावर लावतात."

"आमच्याकडे केळीला लावतात."

"बायको केळी आहे का?"

मग ती जरा नरमली. म्हणाली, फार नाही बिघडलं, तुरटी वरवर बसते. सौम्य शांपूनं दोनदा धुवा, मग कंडिशनर, फक्त खालच्या बाजूला, तेवढं ओलं असताना सिरमचे चार थेंब. नरम होतील. आणि मग तिनं विचारलं, "खालचे कापले ना?"

मी बाटल्यांकडे पाहायला लागलो.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं काका. तुम्ही काकूंना सांगितलंच नाही?"

"नाही."

"मग मास्क कोणाला लावत होतात? मेलेल्या केसांना? काकूंना खरं सांगा. केस त्यांचे आहेत."

बसमध्ये भुसावळपर्यंत मी बायकोला कसं सांगायचं याच्या सहा तऱ्हा जुळवल्या. तीन हसायच्या होत्या, दोन रडायच्या, एका तऱ्हेत सगळी चूक दुकानवालीची होती. घरी पोचलो तेव्हा एकही आठवली नाही. बायको गहू निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हणलं, "पहिल्याच दिवशी त्या बाईनं कापायले सांगितलं होतं. मी तुले सांगितलं नाही. टोकं फाटून राहिली होती, मी झकास म्हणत होतो."

ती गहू निवडत राहिली. दोन खडे काढले, ताटाच्या कडेला ठेवले.

"सहा आठवडे?" ती म्हणाली.

"हो."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"क्रीमचं मी समजून घेतलं. ते तुमाले कळत नव्हतं. हे तर कळत होतं ना?"

इतक्या वर्षांत बायकोनं मला शिव्या दिल्या, चप्पल फेकली, पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ती उठली. मला वाटलं, ट्रंक उघडणार. पण ती आत गेली आणि शिवणाची कात्री घेऊन आली. भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला.

"मागं धरा. शेजारणीचा पण घेऊन या, तो पुढं ठेवू."

"मी कापतो ना, माझा हात..."

"तुमचा हात माझ्या डोक्याले लागायचा नाही. आरसा धरा. आणि हलू नका."

मी धरला. दोन आरशांत तिनं पहिल्यांदा स्वतःची टोकं पाहिली. मला वाटलं, आता मोडेल. पण तिनं केस पुढं घेतले, खांद्याच्या जरा खाली बोटांनी पकडले, आणि कात्री चालवली. एकदा, दोनदा, दहादा. कमरेखालची वेणी वर्तमानपत्रावर पडली. मी आरसा धरून उभा, आरसा खाली सरकत होता, तर ती म्हणाली, "नीट धरा, मी रडून नाही राहिली, तुमी कायले रडता?"

मग तिनं स्वतः धुतलं. दुकानवालीनं सांगितलं तसं, अक्षर न् अक्षर. मी बाहेर ओट्यावर बसून होतो, कारण मोरीत यायची मला बंदी झाली होती. केस वाळले आणि तिनं मानेला झटका दिला. ते इकडून तिकडे गेले आणि परत जागेवर आले. मऊ, हलके. वेणी नव्हती, पण केस होते, जिवंत दिसणारे. ती आरशात पाहून म्हणाली, "मान हलकी वाटून राहिली." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "हिरवं लुगडं इस्त्री करून आणा."

मी इतक्या वेगानं इस्त्रीवाल्याकडे गेलो, की अर्ध्या रस्त्यात कळलं, लुगडं घरीच राहिलं.

धुळ्याला पोचलो. मांडवात बायका, पोरं, हळदीचा वास. बायकोनं मांडवात पाय ठेवायच्या आधी पदर डोक्यावर घेतला. कपाळापर्यंत. हळदीला घरच्या बायका डोकं झाकूनच बसतात, ही रीत मला माहीत होती, पण तोपर्यंत डोक्यात आली नव्हती. दीड महिना ज्या डोक्यापायी मी मेहरूणच्या चकरा मारल्या, निळी पिशवी घालून ओट्यावर बसलो, माशा घसरवल्या, ते डोकं आता मला पण दिसत नव्हतं.

नवरदेवाला पाटावर बसवलं. सगळे थांबले. बायकोनं हळदीत बोट बुडवलं, भाच्याच्या कपाळाला लावलं, मग गालाला, मग दोन्ही हातांना. भाचा म्हणाला, "आत्या, तू उनी ना." तू आलीस ना, बस, एवढंच. बायकोच्या तोंडावर जे आलं, ते मी माझ्या लग्नात पण पाहिलं नव्हतं. मग भाच्यानं गंमत म्हणून हळदीचा हात तिच्या गालाला लावायला नेला, ती मागं सरकली आणि पदर खाली आला.

भावजय पाहतच राहिली. "ताई, केस कोठे कापात? बठ्ठा कशा मऊ शेत!"

चार-पाच बायका गोळा झाल्या. कोणी हात लावला, कोणी उचलून पाहिले. कोणी म्हणाली, पार्लरमध्ये केलं असेल, जळगावला. बायको लाजून हसत होती. मी पुरुषांच्या बाजूनं उठलो. मला राहवेना. मी त्या बायकांच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हणलं, "पार्लर नाही. घरी. त्याची तऱ्हा असते. मास्क असतो, तो मुळाले लावायचा नाही, कानाच्या खाली. वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस. लोक काय करतात, पाऊण तास ठेवतात..." बायका ऐकत होत्या. एकीनं पदराच्या टोकाला गाठ मारली, आठवणीसाठी. मला जोर आला. मी सिरमवर आलो.

अक्का खाटेवर बसून सगळं पाहत होती. तिनं पोरीला जवळ बोलावलं, केसांवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत, आणि जिथं केस संपले तिथं हात थोडा थांबला. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीनं फक्त मान हलवली. मग अक्कानं तिला जाऊ दिलं, आणि माझ्याकडे वळली.

"जवाईबापू," ती म्हणाली, "केस तिना, डोकं तिनं. तुमी जेवाले बठा, वरणबट्टी थंडी व्हई ऱ्हायनी."